नायट्रॉक्सवर डायव्हिंग: कोल्हापूरकरांनी काय शिकायचं, काय मोजायचं आणि घाट कधी चढायचा

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांसाठी चालणारं डायव्हिंग बहुतेक दहा मीटरच्या आतलं असतं. तिथे साध्या हवेचा सिलेंडर पुरतो, नायट्रॉक्सवर, म्हणजे ऑक्सिजन वाढवलेल्या हवेवर, जादा पैसे घालवण्यात अर्थ नाही. हे आधीच सांगायला हवं, कारण 'ऑक्सिजन जास्त म्हणजे धोका कमी' असं धरून कोर्सला नाव नोंदवणारे पुष्कळ आहेत. नायट्रॉक्सचा खरा उपयोग १८ ते ३० मीटरच्या पट्ट्यात होतो. तोही दिवसाला दोन-तीन डाइव्ह आणि असे सलग काही दिवस, असा बेत असेल तेव्हा. अंदमान, लक्षद्वीप किंवा मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणीच्या खोल जागा ही त्याची ठिकाणं.

मिश्रणात काय बदलतं

हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, नायट्रोजन सुमारे ७८ टक्के, उरलेला मुख्यतः आर्गॉन. नायट्रॉक्समध्ये ऑक्सिजन वाढवलेला असतो, म्हणून नायट्रोजन तेवढा कमी होतो. ३२ आणि ३६ टक्के ही दोन मिश्रणं सगळीकडे चालतात. प्राथमिक नायट्रॉक्स कोर्स ४० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाचा असतो.

नायट्रोजन कमी, म्हणून शरीरात तो कमी विरघळतो आणि वर येताना थांबे न घेता खाली राहण्याची वेळ, म्हणजे नो-डेको वेळ, वाढते. किती वाढते ते हाताने काढता येतं. खोलीत १० मिळवा, मिश्रणातल्या नायट्रोजनच्या दशांश प्रमाणाने (६८ टक्के म्हणजे ०.६८) गुणा, ०.७९ने भागा, १० वजा करा. ३२ टक्के मिश्रणावर ३० मीटरला हे उत्तर २४.४ येतं. म्हणजे नायट्रोजनच्या हिशेबाने तुम्ही हवेवर साडेचोवीस मीटरला आहात. पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या डाइव्ह तक्त्यात हवेवर ३० मीटरला २० मिनिटं मिळतात, २५ मीटरला २९. फायदा आहे तो या नऊ मिनिटांचा.

आता हीच नऊ मिनिटं सिलेंडरच्या हिशेबात बघा. आपल्याकडे सर्रास मिळणारा ॲल्युमिनियमचा सिलेंडर साधारण ११ लिटरचा. २०० बारला त्यात २२०० लिटर वायू. ५० बार राखीव ठेवला तर वापरायला १६५० लिटर. नवा डायव्हर पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला २० लिटर सहज ओढतो. ३० मीटरला चौपट दाब, म्हणजे मिनिटाला ८० लिटर. उतरण्या-चढण्याचा खर्च न धरताही वीस मिनिटांत वायू संपत आला. नो-डेको वेळ तीस मिनिटांच्या जवळ गेली तरी ती वापरायला वायूच नाही. १८ मीटरला मिनिटाला ५६ लिटर, म्हणजे एकोणतीस मिनिटं. तिथे हवेवरच तक्ता ५६ मिनिटं देतो. तेव्हा एकाच डाइव्हसाठी नायट्रॉक्स घेणाऱ्याला बहुधा काहीच मिळत नाही. आधी श्वास संथ करा, तरंगणं-बुडणं हाताळायला शिका, मग मिश्रणाकडे वळा. दुसऱ्या आणि तिसऱ्या डाइव्हला मात्र आधीचा साचलेला नायट्रोजन कमी असल्याने फरक पडतो.

नायट्रॉक्सने न होणाऱ्या गोष्टीही माहीत हव्यात. खोलीची गुंगी (खोल पाण्यात नायट्रोजनमुळे चढणारी नशा) कमी होत नाही, कारण दाबाखाली ऑक्सिजनही गुंगी आणणाराच धरतात. वायू जास्त वेळ पुरत नाही. आणि जास्त खोल जाता येत नाही, उलट मर्यादा उथळ होते.

खोलीची मर्यादा

इथे चुकीला जागा नाही. ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा, डाइव्हमध्ये १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही. १.६ ही शेवटची रेषा आहे. ती काहीतरी बिघडलं तरच्यासाठी, बेत आखण्यासाठी नाही. कमाल खोली काढायला १.४ला ऑक्सिजनच्या दशांश प्रमाणाने (३२ टक्के म्हणजे ०.३२) भागा, १ वजा करा, १०ने गुणा. ३२ टक्क्यांना ३३.७ मीटर, ३६ टक्क्यांना २८.९. अपूर्णांक सोडून द्यायचा: ३३ आणि २८. १.६ला हेच आकडे ४० आणि ३४ येतात.

वेळेचीही मर्यादा असते. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या तक्त्यानुसार १.४ला एका डाइव्हमध्ये १५० मिनिटं आणि २४ तासांत १८० मिनिटं. १.६ला एका डाइव्हची मर्यादा ४५ मिनिटांवर येते. एका सिलेंडरच्या डाइव्हमध्ये या वेळा गाठल्या जात नाहीत, पण दिवसात तीन-चार डाइव्ह झाल्या की बेरीज करावी लागते. चांगला डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र) ती करतो.

मर्यादा ओलांडली तर मेंदूवर परिणाम होऊन झटके येतात. जमिनीवर झटका आलेला माणूस बहुधा वाचतो. पाण्यात तोंडातला श्वास घ्यायचा रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडतो. आधी सूचना मिळेलच असं नाही. मिळाली तर ती अशी असते: नजर बोगद्यातून पाहिल्यासारखी अरुंद होणं, कानात घंटानाद, मळमळ, ओठ-गालाचे स्नायू फडफडणं, विनाकारण चिडचिड, चक्कर. यातलं काहीही जाणवलं की जोडीदाराला खूण करून लगेच वर सरकायचं, कारण दोन-तीन मीटरनेही दाब उतरतो. जोडीदाराला झटके सुरू झाले आणि रेग्युलेटर तोंडात असेल तर तो तिथेच धरून ठेवा, झटके शमले की वर आणा. सुटला असेल तर परत कोंबायच्या नादाला न लागता सरळ वर आणा.

जोराने पोहणं, थंडी आणि श्वास रोखून धरणं हे तिन्ही धोका वाढवतात. शेवटच्या गोष्टीवर कोल्हापुरात विशेष बोलावं लागतं. पंचगंगेत नाहीतर विहिरीत सूर मारून, दम कोंडून पाण्याखाली लांब जाणं हे आपल्याकडे लहानपणापासूनचं कसब. तालमीत कमावलेला दमही दांडगा असतो. स्कूबात हेच कसब घातक ठरतं. वायू वाचवायला श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, मेंदूकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि ऑक्सिजनची विषबाधा लवकर होते. वर येताना दम कोंडला तर फुफ्फुस फाटू शकतं, तेही दीड-दोन मीटरच्या फरकात. संथ, खोल, अखंड श्वास अंगवळणी पडेपर्यंत उथळ पाण्यातच सराव करा.

प्रशिक्षणाचा क्रम

आधी ओपन वॉटर (१८ मीटरपर्यंत), मग ॲडव्हान्स्ड (३० मीटरपर्यंत). नायट्रॉक्सचा कोर्स ओपन वॉटरनंतर करता येतो. पॅडीचं किमान वय १२. पर्यटकाला हात धरून अर्धा तास फिरवून आणतात ते यात कुठेच मोजलं जात नाही. तारकर्लीला एमटीडीसीचं डायव्हिंग प्रशिक्षण केंद्र आहे, कोल्हापूरकरांना सगळ्यांत सोयीचं तेच. हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र बंद.

कोल्हापुरात राहून होणारी तयारी म्हणजे पोहणं आणि वैद्यकीय तपासणी. ओपन वॉटरला न थांबता २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं लागतं. दमा, फिट्स, छातीची शस्त्रक्रिया, कानाच्या पडद्याची तक्रार यातलं काही असेल तर फॉर्मवर लपवू नका, डॉक्टरांचा लेखी दाखला घ्या. सर्दीवरच्या स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्या नायट्रॉक्सबरोबर टाळाव्यात, असाच सावध सल्ला दिला जातो.

नायट्रॉक्स कोर्समध्ये वर्ग कमी आणि आकडे जास्त. तरी प्रशिक्षकाने तुमच्याच हातून ऑक्सिजन मोजायच्या ॲनालायझरवर किमान दोन सिलेंडर मोजून घेतलेच पाहिजेत. 'इथे ॲनालायझर नाही, भरणाऱ्याने लिहिलंय तेच धरू' असं कोणी म्हणालं तर तिथे नायट्रॉक्स घेऊ नका.

सिलेंडर मोजणं

नायट्रॉक्सचा रंग नाही, वास नाही, चव नाही. ३२चा सिलेंडर आणि ४०चा सिलेंडर शेजारी ठेवले तर हिरवा-पिवळा पट्टा दोन्हींवर तोच. म्हणून जो श्वास घेणार त्यानेच मोजायचं, किंवा निदान डोळ्यासमोर मोजून घ्यायचं.

ॲनालायझर आधी हवेवर धरून त्याचा आकडा २०.९ला लावा. मग सिलेंडरचा व्हॉल्व्ह किंचित उघडून काही सेकंद वायू सोडा, धूळ-ओल निघून जाते. नंतर मिनिटाला एक ते दोन लिटर इतक्या मंद प्रवाहाने सेन्सरवर वायू येऊ द्या. जोराचा झोत दिला तर सेन्सरवर दाब साचून आकडा खोटाच वाढतो. आकडा पूर्ण स्थिरावेपर्यंत थांबा, वीस सेकंदांत घाई करू नका. मागितलेल्या आणि मोजलेल्या आकड्यात एक टक्क्याहून जास्त फरक आला तर पुन्हा हवेवर लावून पुन्हा मोजा. तरी तोच आला तर मोजलेला आकडा खरा. चिकटपट्टीवर टक्केवारी, कमाल खोली, दाब, तारीख आणि मोजणाऱ्याची आद्याक्षरं लिहा. त्यानंतर तो सिलेंडर दुसऱ्याला द्यायचा नाही.

घाटावरून येणाऱ्यांना पुढचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ॲनालायझर टक्केवारी मोजत नाही, ऑक्सिजनचा आंशिक दाब मोजतो आणि टक्क्यांत दाखवतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, इथला हवेचा दाब सुमारे ९५० मिलिबार. समुद्रकाठी १०१३. घरी २०.९ला लावलेला ॲनालायझर तसाच मालवणला वापरला तर ३२चं मिश्रण ३४ दाखवेल. कमाल खोली त्यामुळे उथळ निघते, तिकडून धोका नाही. पण ३४ हा आकडा कॉम्प्युटरला दिला की तो नसलेली मिनिटं बहाल करतो. उलटं, किनाऱ्यावर लावलेल्या ॲनालायझरने कोल्हापुरात मोजलं तर ३२चं ३० दिसेल. ३०ची कमाल खोली ३६ मीटरच्या पुढे निघते आणि तिथे खऱ्या ३२चा आंशिक दाब १.४९वर गेलेला असतो. जिथे मोजायचं तिथेच, मोजण्याआधी, हवेवर लावायचं.

दुसरी गडबड कोकणच्या दमट हवेची. तीस अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर हवेतली वाफ जागा खाते, ऑक्सिजन प्रत्यक्षात २०.२च्या आसपास असतो. सिलेंडरमधला वायू मात्र कोरडा. दमट हवेला २०.९ मानून लावलं तर ३२चं ३३ दिसतं. म्हणून बाहेरच्या हवेवर न लावता साध्या हवेच्या सिलेंडरमधल्या कोरड्या हवेवर लावा. सेन्सरच्या तोंडावर घामासारखं पाणी जमलं तरी आकडा चुकतो. एसी गाडीतून काढलेला ॲनालायझर बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. सेन्सर दोन-तीन वर्षांत मरतो, मग तो वापरा किंवा न वापरा. मरणारा सेन्सर हवेवर बरोबर दाखवतो आणि वरच्या टक्क्यांना कमी दाखवतो, त्यामुळे अधूनमधून शुद्ध ऑक्सिजनवरही ताडून पाहावा.

कॉम्प्युटर

प्रत्येक डाइव्हआधी टक्केवारी आणि १.४ ही मर्यादा तपासा. काही कॉम्प्युटर ठरावीक तासांनी आपोआप हवेवर परततात, काही मागचाच आकडा धरून बसतात. सकाळी ३६ आणि दुपारी ३२ असं केलं तर दुपारी कॉम्प्युटर ३६ समजूनच वेळ मोजेल. जोडीदाराचं मिश्रण वेगळं असेल तर दोघांची मर्यादा ज्याची उथळ त्याची. सावधगिरी म्हणून नायट्रॉक्स घेऊन कॉम्प्युटर हवेवर ठेवणारे बरेच आहेत. नायट्रोजनसाठी ते चांगलं, पण मग ऑक्सिजनची मर्यादा कॉम्प्युटर सांगणार नाही. ती पाटीवर लिहून खोलीच्या काट्यावर स्वतः लक्ष ठेवावं लागतं.

भरणं घरचं काम नाही

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या भागात फौंड्री आणि फॅब्रिकेशनमुळे ऑक्सिजनचा सिलेंडर सहज मिळतो, आणि आकडेमोडही अवघड नाही. २०० बारला ३२ टक्के हवं तर रिकाम्या सिलेंडरमध्ये आधी सुमारे २८ बार ऑक्सिजन, वर हवा. म्हणूनच हे करून बघायचा मोह होतो. करू नका. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन तेल, ग्रीस, रबराची धूळ यांना भेटला की व्हॉल्व्ह भसकन उघडण्याच्या उष्णतेनेही पेट घेतो. व्हॉल्व्हला ग्रीसचा हात लावायचा नाही हे वेल्डिंगच्या कामातल्या माणसाला सांगावं लागत नाही. डायव्हिंगच्या व्हॉल्व्हमध्ये मात्र नेहमीचं सिलिकॉन ग्रीस असतंच. मिश्रणासाठी सिलेंडर आणि व्हॉल्व्ह ऑक्सिजनसाठी खास साफ केलेले, ओ-रिंग आणि ग्रीस त्याच जातीचे, आणि वर भरायची हवा तेलविरहित गाळलेली लागते. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा साध्या डाइव्हलाही चालत नाही, त्यात तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. हे प्रशिक्षित ब्लेंडरचं, म्हणजे वायू मिसळणाऱ्या माणसाचं काम आहे. तुम्ही सिलेंडर घेताना वर्षभरात आतून पाहणी झाल्याची खूण आणि जलदाब चाचणीची तारीख बघा.

हेलियम मिसळलेलं ट्रायमिक्स खोलीची गुंगी घालवतं, पण ते ३०-४० मीटर आणि त्यापुढच्या कामासाठी, फार महाग आणि वेगळ्या प्रशिक्षणाचं. नायट्रॉक्सवर पुरेशा डाइव्ह झाल्याशिवाय त्याचा विचार नको.

घाट

कोल्हापूरहून रात्री दोनला निघायचं, सकाळी पाण्यात, दुपारी मासे खाऊन संध्याकाळी घरी. डायव्हिंगमध्ये हा बेत चुकीचा आहे. करूळ, फोंडा, आंबोली कुठूनही गेलात तरी घाटमाथा साधारण ६०० ते ७०० मीटर. आंबोलीला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठेक टक्क्यांनी कमी असतो. शरीरात अजून नायट्रोजन भरलेला असताना तासाभरात दाब उतरला की बुडबुडे वाढतात. विमानाबद्दल सगळे विचारतात, घाटाबद्दल कोणी विचारत नाही, आणि डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग सुरक्षा संस्थेच्या विमानप्रवासाच्या सूचना सुरू होतात त्या ६१० मीटरपासून.

त्या सूचना अशा: एकच नो-डेको डाइव्ह असेल तर १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर १८ तास, थांबे घ्यावे लागलेल्या डाइव्हनंतर त्याहून बराच जास्त. दहा मीटरवरच्या एका छोट्या डाइव्हनंतर घाट चढून काही होण्याची शक्यता कमी, पण कोल्हापूर स्वतःच उंचावर असल्याने घाट उतरून सुटकाही नाही. घरी पोचल्यावरही तुम्ही उंचावरच आहात. सोपा बेत असा: शेवटची डाइव्ह अकराच्या आत संपवा, मुक्काम मालवणला, दुसऱ्या दिवशी पहाटे पाचनंतर घाटाकडे. अठरा तास झालेले असतात. नायट्रॉक्स घेतलंत म्हणून हे तास कमी करू नका.

जाताना रात्रभर गाडी चालवून थेट पाण्यात उतरणंही टाळा. झोप नाही, पाणी पोटात नाही, घाटात उलटी झालेली: ही अवस्था डाइव्हची नव्हे. आदल्या दिवशी पोचा. रंकाळ्यात किंवा राधानगरीच्या पाण्यात सराव करणार असाल तर ३०० मीटरच्या वर समुद्राचा तक्ता जसाच्या तसा लागू होत नाही. कॉम्प्युटर उंचीच्या सेटिंगवर आहे का ते बघा.

त्रास झालाच तर

सांधे दुखणं, त्वचेवर जाळीदार चट्टे, हातापायाला मुंग्या, अशक्तपणा, तोल जाणं, लघवी अडकणं, न उतरणारा थकवा. डाइव्हनंतर २४ तासांत यातलं काही आलं तर ते डायव्हिंगमुळेच असं धरून चालायचं. रुग्णाला आडवं करा आणि घट्ट बसणाऱ्या मास्कमधून मिनिटाला १५ लिटर शुद्ध ऑक्सिजन द्या. शुद्धीवर असेल, उलटी होत नसेल तर पाणी पाजा. बोटीवर ऑक्सिजन आहे का हे निघण्याआधी विचारा: मेडिकल ऑक्सिजनच्या बी-टाइप सिलेंडरमध्ये साधारण १५०० लिटर, म्हणजे या वेगाने शंभर मिनिटं. बरं वाटलं म्हणून ऑक्सिजन बंद करायचा नाही. त्रास आपोआप जावा म्हणून पुन्हा पाण्यात उतरवायचं नाही.

१०८ला फोन करा. रुग्णाला 'कोल्हापुरात ओळखीचे डॉक्टर आहेत' म्हणून घाट चढवून आणू नका, आधी किनारपट्टीवरच्याच रुग्णालयात न्या. हायपरबेरिक चेंबर (जास्त दाबाखाली ऑक्सिजन देण्याची बंद खोली) कुठला उपलब्ध आहे ते डॉक्टरांना फोनवर ठरवू द्या, कारण जखमांवरच्या उपचारासाठी असलेला प्रत्येक चेंबर डायव्हरला घेतोच असं नाही. डॉक्टरांच्या हाती एक कागद द्या: मिश्रणाची टक्केवारी, प्रत्येक डाइव्हची कमाल खोली आणि वेळ, दोन डाइव्हमधलं अंतर, पाण्यातून बाहेर आल्याची वेळ, लक्षण सुरू झाल्याची वेळ, ऑक्सिजन कधी सुरू केला. डाइव्ह कॉम्प्युटरही रुग्णाबरोबर पाठवा.